हिरण्यकेशीच्या कुंडात आंघोळ करण्याआधी हे वाचा

पावसाळा आला की आंबोलीच्या रील्सचा पूर येतो. धबधबा झाला, कणीस झालं की गाड्या वळतात हिरण्यकेशीकडे. सावंतवाडी तालुक्यातल्या या दाट जंगलात एका गुहेतून पाणी बाहेर येतं, कुंडात साठतं आणि पुढे नदी होतं. गुहेच्या तोंडाशीच महादेवाचं जुनं मंदिर आहे. गंमत म्हणजे अरबी समुद्र इतका जवळ असून ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. आजऱ्यावरून घटप्रभेला, तिथून कृष्णेला मिळून तिचं पाणी पोहोचतं बंगालच्या उपसागरात.

या कुंडाची बातमी झाली ती २०२० मध्ये. तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी इथे माशाची नवी प्रजाती नोंदवली, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. बोटाएवढा, तळाशी राहणारा मासा. शोध जाहीर झाला तेव्हा तो फक्त याच कुंडातून आणि ओढ्यातून माहीत होता. २०२१ मध्ये राज्य सरकारने इथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं.

मग आता दर्शनाला बंदी आहे का? अजिबात नाही. हा दर्जा मिळतो २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली. अभयारण्यासारखा कडक बंदोबस्त त्यात नसतो. स्थानिकांच्या रूढी-वहिवाटी त्यांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत, हेच त्यामागचं धोरण आहे. आणि ते योग्यच आहे. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून हे पाणी राखलं ते देवाच्या धाकाने. याच जिल्ह्यातलं दुसरं वारसास्थळ, दोडामार्गातली हेवाळे-बांबर्डेची दलदलीची राई, तीही अशीच गावाने देवराई म्हणून जपलेली.

अडचण आहे ती बाहेरून येणाऱ्यांची. आपल्याला ना तो धाक, ना कायद्याची माहिती. कुंडात साबण-शाम्पू गेला, निर्माल्य कुजून पाण्यातला प्राणवायू घटला, किंवा कुणी पुण्य म्हणून बाजारातले मासे आणून सोडले, तर नदीतल्या माशांसारखी पळून जायला या माशाला जागा नाही. त्याचं घर म्हणजे एवढंसं पाणी.

म्हणून जा, पण कुंडात उतरू नका. कणीक, लाह्या टाकू नका. मासा शोधायला दगड तर मुळीच उलटू नका. तो त्यांच्याखालीच असतो.