काळा रंग कोठून आणायचा?

शाळेतल्या किंवा घरातल्या प्रोजेक्टरविषयी एक साधा प्रश्न विचारतो. हे यंत्र पडद्यावर लाल उजेड टाकते, हिरवा टाकते, निळा टाकते आणि तिन्ही मिळून पांढराही टाकते. मग चित्रात काळे केस असतील, रात्रीचे आकाश असेल, तर काळा रंग ते कसे टाकते?

थोडा विचार करा. काळा उजेड नावाची वस्तूच नाही. चित्रात जेथे काळे असायला हवे तेथे प्रोजेक्टर उजेड अडवतो आणि स्वस्थ बसतो. पडद्याचा तेवढा भाग मुळात जसा असेल तसाच राहतो. म्हणजे प्रोजेक्टर बंद असताना पडदा जसा दिसतो, त्याहून अधिक काळे असे त्या चित्रात काहीही असू शकत नाही. खोलीत दुपारचा उजेड भरला असेल आणि पडदा लख्ख पांढरा दिसत असेल, तर तो लख्ख पांढरा हाच तुमच्या चित्रातला काळा!

तरीही दिवसाउजेडी चित्रातले केस काळेसे वाटतात, याचे श्रेय आपल्या डोळ्यांना आणि मेंदूला आहे. एखादी जागा किती उजळ आहे हे डोळा स्वतंत्रपणे ठरवीत नाही, शेजारच्या जागेशी तुलना करून ठरवतो. जुन्या टेलिव्हिजनची काच बंद असताना करडी-हिरवट दिसे, आणि तीच काच चित्र सुरू झाल्यावर काळी वाटे. या तुलनेलाही मर्यादा आहे. पांढऱ्या आणि काळ्या जागांच्या उजेडात पुरेसा फरक नसेल, तर मधल्या छटा आधी नाहीशा होतात आणि मग सगळे चित्र ताकासारखे पांढुरके होते.

वर्गात याचा परिणाम काय होतो? मृग नक्षत्रातला तेजोमेघ, हाताच्या क्ष-किरण चित्रातली बारीक चीर, सूक्ष्मदर्शकाखालच्या कांद्याच्या पापुद्र्यातले केंद्रक, या सगळ्या गोष्टी नेमक्या त्या मधल्या छटांत असतात. शिक्षक पट्टी लावून सांगतात, ‘इथे नीट दिसत नाही, पण एक फिकट ठिपका आहे.’ मुले माना हलवतात आणि वहीत उतरवून घेतात. माझा आक्षेप नेमका याला आहे. विज्ञानाच्या तासाला ‘दाखवायचे’ म्हणून यंत्र आणले, आणि त्यावर न दिसलेली गोष्ट विश्वासाने मान्य करायला लावली, तर पुस्तकातला धडा नुसता वाचून दाखवणे काय वाईट होते?

यावर नेहमीचा उपाय ठरलेला असतो: आणखी जास्त ल्यूमेनचा, म्हणजे आणखी प्रखर, प्रोजेक्टर घ्यावा. मला हा उपाय पटत नाही. का, ते हिशेबानेच पाहू. हिशेब पाचवीतल्या भागाकाराचा आहे.

यंत्रातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. एक ल्यूमेन उजेड एक चौरस मीटर जागेवर पसरला तर तेथे एक लक्स उजेड पडला असे म्हणतात. समजा, प्रोजेक्टर ३००० ल्यूमेनचा आहे आणि चित्र २ मीटर रुंद व दीड मीटर उंच, म्हणजे ३ चौरस मीटरचे आहे. पांढऱ्या जागी १००० लक्स उजेड पडेल. खिडक्यांतून पडद्यावर येणारा उजेड ३०० लक्स धरू. मग पांढरी जागा १३०० लक्स, काळी जागा ३०० लक्स. गुणोत्तर जेमतेम सव्वाचार. आता दुप्पट ताकदीचा, ६००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर आणा. पांढरी जागा २३००, काळी ३००च. गुणोत्तर पावणेआठच्या आतच. त्याऐवजी जुनाच प्रोजेक्टर ठेवा आणि खिडक्या झाकून ३०० लक्सचे २० लक्स करा. पांढरी जागा १०२०, काळी २०, गुणोत्तर ५१! प्रोजेक्टरमधून काळ्या जागी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून काहीसा कमी येईल. पण कोणता खर्च कामी आला हे सांगायला नको.

(मराठीत खिडकीचाही पडदा आणि चित्राचाही पडदाच. घोटाळा नको म्हणून या लेखात खिडकीच्या पडद्याला मी ‘कापड’ म्हणतो.)

जाड, गडद कापडाची किंमत आणि नव्या प्रोजेक्टरची किंमत यांची तुलना मी करीत बसत नाही. शाळेच्या खरेदी समितीत बसणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनी ती करावी. सगळ्या खिडक्या झाकणे शक्य नसेल तर निदान पडद्यालगतच्या दोन खिडक्या आधी झाकाव्यात, कारण पडद्यावरचा बराचसा उजेड त्यांतूनच येतो. मागच्या बाजूच्या खिडक्या वाऱ्यासाठी उघड्या राहिल्या तरी नुकसान त्या मानाने थोडे.

हा अंधाराचा विचार काही नवा नाही. १८९०च्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करीत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. पुढे जत्रांतून तंबूतले सिनेमे फिरले, आणि त्यांचे खेळ दिवस मावळल्यावरच सुरू होत. त्या काळचे दिवे काही आजच्या इतके प्रखर नव्हते, पण अंधार मात्र भरपूर होता. चित्रपटगृहाच्या भिंती आणि छत गडद ठेवतात तेही याच कारणाने. पडद्यावरून परतलेला उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून पुन्हा पडद्यावर आला, तर चित्र स्वतःच स्वतःला धुऊन टाकते.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. मोजून पाहा. बहुतेक स्मार्टफोनमध्ये उजेड जाणणारा संवेदक असतो आणि त्याचे आकडे लक्समध्ये दाखवणारी अॅप मोफत मिळतात. हा संवेदक पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. म्हणून फोनची पाठ पडद्याला आणि तोंड प्रोजेक्टरकडे, असा फोन धरा. तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा आणि प्रोजेक्टरच्या भिंगात चुकूनही डोकावू नका; तो उजेड डोळ्यांना घातक आहे. प्रोजेक्टर बंद असताना, सगळे चित्र काळे असताना आणि सगळे पांढरे असताना, अशी तीन मापे घ्या. हीच मापे कापड लावून पुन्हा घ्या. फोनचा संवेदक प्रयोगशाळेतल्या उपकरणाइतका अचूक नसतो. पण आपल्याला गुणोत्तर हवे आहे, आणि तेवढ्यापुरता तो चालतो.

एवढे झाल्यावर आणखी एक गंमत करा. पांढऱ्या चित्राचे तिसऱ्या प्रतीच्या फरशांसारखे नऊ सारखे भाग पाडा, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजा, त्यातून खोलीच्या उजेडाचा आकडा वजा करा, सरासरी काढा आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणा. तुमच्या प्रोजेक्टरचे ल्यूमेन हाती आले. प्रोजेक्टरचा उजेड मोजण्याची प्रमाण पद्धतही तत्त्वतः हीच, नऊ जागांच्या सरासरीची आहे. आलेला आकडा खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. स्वस्तातल्या काही यंत्रांच्या खोक्यांवर जे डोळे दिपवणारे आकडे असतात, त्यांच्याशी मेळ बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. यंत्र प्रामाणिक असले तरी जुने झाल्यावर आकडा उतरतोच. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये ‘दिव्याचे आयुष्य इतके तास’ असे लिहिलेले असते, त्याचा सर्वसाधारण अर्थ तेवढ्या तासांत उजेड निम्म्यावर येतो असा असतो. हवेच्या जाळीत खडूची धूळ साचली असेल तर यंत्र तापते आणि दिवा लवकर जातो. जाळी साफ करायला मात्र कोणत्याच समितीची मंजुरी लागत नाही.

चित्राच्या आकाराविषयीही एक हट्ट सर्वत्र दिसतो: मिळाली भिंत की भरून टाकायची. उजेड तेवढाच राहतो आणि क्षेत्रफळ वाढत जाते. मघाचे २ मीटर रुंदीचे चित्र १.६ मीटरवर आणले, तर क्षेत्रफळ ३ वरून १.९२ चौरस मीटर होते आणि पडद्यावरचा उजेड दीडपटीहून अधिक वाढतो, तोही फुकट. ‘मग मागच्या बाकावरून अक्षरे दिसणार नाहीत’ असे कोणी म्हणेल. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखता येण्यासाठी त्याची उंची डोळ्याशी साधारण ५ कला, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग, एवढा कोन करणारी लागते. ८ मीटरवर ही उंची १२ मिलिमीटरच्या आसपास येते. सुखाने वाचण्यासाठी तिप्पट धरा, म्हणजे ३५ मिलिमीटर. लहान केलेल्या चित्राची उंची १.२ मीटर आहे. ओळींमध्ये तेवढेच अंतर सोडले तरी पंधरा-सतरा ओळी आरामात मावतात. ज्या चित्रात पानभर मजकूर, चाळीस ओळी कोंबलेल्या असतात, ते भिंतभर केले तरी मागच्या बाकावरच्याला त्यातून काय मिळते?

नववी-दहावीच्या भूमितीतली गोष्टही येथे उपयोगी पडते. प्रोजेक्टर खालून तिरका करून वर रोखला की वरची कड भिंगापासून दूर जाते आणि चित्र समलंब चौकोनासारखे होते. यंत्रातले एक बटण दाबले की ते पुन्हा काटकोनी दिसते आणि सगळे खूश होतात. पण हे बटण करते काय? समजा, वरची कड खालच्या कडेपेक्षा २० टक्के रुंद झाली आहे आणि यंत्राच्या एका ओळीत १०२४ ठिपके आहेत. कड मूळ रुंदीवर आणण्यासाठी वरच्या ओळीत सुमारे ८५३ ठिपकेच वापरले जातात, आणि १०२४ ठिपक्यांचे चित्र त्यांत दाबून बसवले जाते. बारीक रेघा दातेरी होतात, नकाशातली गावांची नावे फाटतात, आणि उरलेल्या ठिपक्यांचा उजेड वाया जातो. त्यापेक्षा यंत्राचे बूड सपाट ठेवा. टेबलावर ठेवायच्या पुष्कळ प्रोजेक्टरांत चित्र आपोआप भिंगाच्या पातळीपासून वर सरकेल अशीच योजना असते. म्हणून टेबलाची उंची बदला, बटणाच्या वाटेला जाऊ नका.

रंगांचे प्रकरण मोठे आहे; त्यातले दोनच मुद्दे सांगतो. लहान प्रोजेक्टरांपैकी अनेकांत सूक्ष्म आरशांची एकच चकती असते आणि लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक इतक्या झपाट्याने टाकले जातात की डोळा ते एकत्र करतो. पांढऱ्या चित्रासमोर बोटे पसरून हात भरभर हलवा. बोटांच्या कडांना रंगीत झालरी दिसल्या तर तुमचे यंत्र त्या जातीचे आहे. अशा काही यंत्रांत पांढरा रंग झगमगीत दिसावा म्हणून रंगांच्या फिरत्या चक्रात एक रंगहीन पाकळी घातलेली असते. तिच्यामुळे ल्यूमेनचा आकडा फुगतो, पण लाल-पिवळे त्या मानाने मळकट पडतात. दुसरा मुद्दा असा, की ‘सर्वांत उजळ’ अशा नावाच्या मांडणीत पाऱ्याच्या दिव्याचे चित्र बहुधा हिरवट होते. खोली अंधारी केली की त्या मांडणीची गरजच उरत नाही.

घरी प्रोजेक्टर लावणाऱ्यांना एवढेच सांगेन, की महागड्या पडद्यामागे लागण्याआधी भिंतीचा विचार करा. अगदी पांढरा, न चकाकणारा रंग दिलेली गुळगुळीत भिंत पुष्कळ चांगले काम देते, कारण ती उजेड सर्व दिशांना पसरवते आणि कोपऱ्यात बसलेल्या आजीलाही चित्र दिसते. ऑइल पेंटची भिंत मध्ये एक चकाकता डाग पाडते. बदामी भिंत चित्रावर पिवळी छटा चढवते. चादर टांगली तर बराच उजेड आरपार निघून जातो. काही जण करडा पडदा सुचवतात. तो खिडकीचा उजेड आणि प्रोजेक्टरचा उजेड सारख्याच प्रमाणात कमी करतो, तेव्हा दिवसा त्याचा फायदा नाही. पांढऱ्या भिंतींवरून परतणारा उजेड मात्र दोनदा पडद्यावर आपटून येतो, म्हणून तेवढ्यापुरता तो कमी करतो.

आता काही शाळांत स्वतःच उजळणारी सपाट पॅनेले आली आहेत. त्यांचा पृष्ठभाग मुळातच गडद असतो, म्हणून दिवसा ती प्रोजेक्टरवर मात करतात, हे मान्य. पण काचेत समोरची खिडकी दिसू लागली की तेथेही कापडाची आठवण येते.

शिक्षकांचा एक आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. वर्ग काळोखा केला की मुलांना वहीत लिहिता येत नाही, मागचे बाक काय करताहेत ते कळत नाही, आणि जेवणानंतरच्या तासाला निम्मा वर्ग पेंगतो. पण उजेड बाकांवर हवा आहे, पडद्यावर नको आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. अडचण अशी, की कित्येक वर्गांत सगळ्या ट्यूबलाइट एकाच बटणावर असतात. लावल्या तर सगळ्या, नाही तर एकही नाही. फळ्याजवळची रांग वेगळ्या बटणावर घेणे हे वायरमनचे थोडक्यात होणारे काम आहे. मागच्या दिव्यांना पडद्याच्या बाजूने पुठ्ठ्याची आडोशाची पट्टी लावली तर आणखी बरे. ती दिव्याला चिकटणार नाही एवढे पाहावे. जेथे नव्या खोल्या बांधल्या जात असतील तेथे हे वेगळे बटण नकाशातच दाखवून घ्यावे.