ताप कोणाच्या खाती?

गाई-म्हशींचा गर्भ पाडणारा ब्रुसेला हा जंतू शेळी-मेंढीला व माणसालाही ग्रासतो. १९९४ पासून तो डॉल्फिनमध्येही आढळला आहे. जंतूने भेद मानला नाही. शासनाने मात्र खाती वेगळी ठेवली. नाशिक जिल्ह्यात गाय गाभडली तर तो प्रश्न पशुसंवर्धन खात्याचा. तिची वार उचलणाऱ्या मजूर स्त्रीचा उलटणारा ताप आरोग्य खात्याचा. आणि तिची बुडालेली मजुरी कोणाचीच नाही! २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरणात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्या आल्या. शेळी, म्हणजे गरिबाची गाय, वगळली गेली. नफा धंद्याचा व रोग श्रमिकाचा, हा न्याय नव्हे. तालुकावार संयुक्त नोंद, मोफत रक्ततपासणी आणि नुकसानभरपाई या मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या दूधसंस्थांत लावून धराव्यात.