मोडक्या मोटारींचें श्रेय

चित्रपट पाहून मुलें बिघडतात, ही तक्रार नवी नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें ती नाटकांविषयीं केली, वडिलांच्या पिढीनें बोलपटांविषयीं केली, आणि आतां पालकांच्या सभेंत ती मोटारींच्या पाठलागाच्या चित्रांविषयीं ऐकूं येते. अमेरिकेंत पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं निघालेलीं तसलीं चित्रें आमचे विद्यार्थी हातांतील मोबाइलवर पुनःपुन्हा पाहतात. त्यांतील मोटारींचीं नांवें त्यांना पाढ्यांपेक्षां अधिक चोख येतात. गतवर्षीं दहावींतील एका विद्यार्थ्यानें, परवान्याचें वय झालें नसतां, वडिलांची मोटारसायकल उतारावरून सुसाट सोडली आणि उजवा हात मोडून घेतला. सहा आठवडे तो प्लास्टर बांधून डाव्या हातानें गणितें सोडवीत होता. तेव्हां पालकांची चिंता खोटी आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

परंतु त्यावर जो उपाय सुचविला जातो, म्हणजे असलीं चित्रें मुलांच्या दृष्टीसच पडूं देऊं नयेत, तो मात्र आम्हांस पटत नाहीं. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. मुलें हीं चित्रें फार पाहतात हा दोष नव्हे. तीं अर्धींच पाहतात, हा दोष आहे.

प्रथम त्या मोटारींविषयीं थोडेंसें. ‘मसल कार’, म्हणजे पीळदार देहाची मोटार, ही जात 1964 सालच्या पाँटिॲक जीटीओ या गाडीपासून रूढ झाली असें सामान्यतः मानतात. कल्पना अगदीं सोपी होती. मध्यम आकाराची, त्या मानानें हलकी गाडी घ्यावयाची आणि तिच्यांत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें. जीटीओचें इंजिन 389 घन इंचांचें, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचें होतें; आपल्याकडील साध्या कुटुंबाच्या मोटारीचें इंजिन एक-सवा लिटरचें असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या बळाची कल्पना येईल. किंमत तरुणांच्या आवाक्यांत ठेवलेली होती. सरळ रस्त्यावर ही गाडी वाऱ्यासारखी पळे. वळणावर आणि थांबण्याच्या वेळीं मात्र तिचें बळ तिच्याच अंगलट येई, कारण इंजिनाच्या मानानें ब्रेक दुबळे असत. पुढें विम्याचे हप्ते भडकले, हवेच्या शुद्धीविषयीं 1970 चा कायदा आला, 1973 सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, आणि अवघ्या दहा वर्षांत ही जात जवळजवळ लोपली. राहिली ती पडद्यावर.

पडद्यावर तिला अमर केलें तें 1968 सालच्या ‘बुलिट’ या चित्रानें. पीटर येट्स दिग्दर्शक, स्टीव्ह मॅक्वीन नायक, आणि सान फ्रान्सिस्को शहराचे ते छातीवर येणारे चढउतार. हिरवी फोर्ड मस्टँग आणि काळी डॉज चार्जर यांचा पाठलाग जवळजवळ अकरा मिनिटें चालतो. त्यांत संवाद नाहीं. पाठलाग ऐन भरांत आल्यावर संगीतही थांबतें, आणि ऐकूं येते ती केवळ इंजिनांची डरकाळी व टायरांची किंकाळी. आमच्या विद्यार्थ्याला वाटतें, मॅक्वीननें काय गाडी मारली! मॅक्वीन मोटार चालविण्यांत तरबेज होता यांत शंका नाहीं, आणि सर्व कसरत आपणच करावी अशी त्याची इच्छाही होती. परंतु एका वळणावर गाडी त्याच्या हातून पुढें निसटली, टायरांतून धूर निघाला, आणि ती मागें घेऊन त्याला पुन्हा वळावें लागलें. (ही चूक चित्रांत तशीच ठेवली आहे, पाहणाराला ती चूक वाटत नाहीं, शौर्य वाटतें.) मग अधिक धोक्याचीं दृश्यें बड एकिन्स नांवाच्या गृहस्थाकडे सोंपविण्यांत आलीं. हा तोच एकिन्स, ज्यानें 1963 सालच्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रांत मॅक्वीनच्या ऐवजीं मोटारसायकलवरून तारेचें कुंपण ओलांडणारी ती प्रसिद्ध उडी मारली होती. काळ्या चार्जरच्या चाकाशीं बिल हिकमन होता. गाड्यांचे सांगाडे व स्प्रिंगा बळकट करून देणारा कारागीर मॅक्स बल्चॉव्स्की. इतक्यांचे हात त्या अकरा मिनिटांना लागले, आणि मुलांच्या तोंडीं नांव मात्र एकाचेंच!

आतां तेंच दृश्य दुसऱ्यांदा पाहावें, आणि या खेपेस चार्जरच्या चाकांवरून निखळून पडणाऱ्या पत्र्याच्या टोप्या मोजाव्या. चाकें चार, पण टोप्या चारांहून अधिक भरतात. तसेंच एका हिरव्या फोक्सवॅगन बीटल गाडीकडे लक्ष ठेवावें. ती बिचारी आपल्या बेतानें उतार उतरत असते, आणि धांवणाऱ्या गाड्या तिला एकदां ओलांडतात, पुन्हा ओलांडतात, आणखी एकदां ओलांडतात. कारण उघड आहे. एकच उतार निरनिराळ्या बाजूंनीं टिपला, आणि ते तुकडे एकापुढें एक जोडून धांव लांबविली. शेवटीं चार्जर पेट्रोलपंपावर जाऊन भडकते, त्या वेळीं तर तिच्यांत कोणी मनुष्यच नव्हता. आंत बाहुल्या बसविल्या होत्या, आणि मस्टँगला बाजूनें जोडून नेऊन ऐन वेळीं तिला सोडून दिलें होतें. ती ठरल्या जागीं नेमकी पोंचली नाहीं, तें संपादकानें कात्रीनें सांवरून घेतलें. फ्रँक केलर या त्या संपादकाला त्या वर्षींचें संपादनाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. आमच्या मतें या पाठलागाचा एक सारथी तोही होय.

‘व्हॅनिशिंग पॉइंट’ हें 1971 सालचें चित्र याहून अवघड आहे. तें पालकांना अधिक खुपतें, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं. कोवाल्स्की नांवाचा एक मनुष्य पांढरी डॉज चॅलेंजर घेऊन डेन्व्हरहून सान फ्रान्सिस्कोकडे निघतो, पोलिसांना जुमानीत नाहीं, आणि अखेर रस्ता अडवून ठेवलेल्या दोन बुलडोझरांवर हंसतमुखानें गाडी घालतो. मरणाला इतकें देखणें करणें आम्हांस आवडत नाहीं, हें स्पष्ट सांगतों. वाळवंटांतील त्या लांबच लांब रस्त्यांचें चित्रण कितीही सुंदर असो, तो शेवट कोवळ्या मनावर जो ठसा उमटवितो तो चांगला नव्हे. परंतु म्हणूनच मुलांना हें सांगितलें पाहिजे कीं बुलडोझरांवर जी आदळली ती चॅलेंजर नव्हतीच. ती 1967 सालची एक जुनी शेव्हरोलेट कॅमॅरो होती, इंजिन काढून टाकलेली, आंत स्फोटक द्रव्य भरलेली, आणि दुसऱ्या गाडीनें ओढून वेगास आणलेली. या सर्व कसरतींचा योजक कॅरी लॉफ्टिन हा आपल्या धंद्यांत मुरलेला मनुष्य होता. पडद्यावर जो बेफामपणा दिसतो, त्याच्यामागें त्यानें घातलेलीं मापें आहेत.

विज्ञानाच्या तासाला उपयोगीं पडावें असेंही एक उदाहरण आहे. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका 1979 पासून 1985 पर्यंत चालली. तींतील 1969 सालची नारिंगी चार्जर ओढे, नाले, पोलिसांच्या गाड्या, जें येईल तें उडी मारून ओलांडते आणि खालीं येतांच जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी पळूं लागते. खरी गोष्ट अशी कीं, इंजिनाचा सर्व भार पुढें असल्यामुळें हवेंत गेल्याबरोबर तसल्या गाडीचें नाक खालीं जातें. गुरुत्वमध्य मागें आणण्यासाठीं डिकींत वाळूचीं पोतीं किंवा सिमेंट भरावें लागे. इतकें करूनही उतरतांना सांगाडा वांकायचा तो वांकेच, आणि उडी मारलेली गाडी बहुधा पुन्हा कामास येत नसे. पुढच्या क्षणीं जी पळतांना दिसते ती दुसरीच! सुमारें तीनशें चार्जर या मालिकेसाठीं खर्चीं पडल्या असाव्यात असा अंदाज करतात. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांची मोटारसायकल एकच होती.

कोणी म्हणेल, मग ही सारी नजरबंदीच काय? तसें समजणेंही अर्धेंच पाहणें होईल. एच. बी. हॅलिकी या गृहस्थानें 1974 सालीं ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ हें चित्र काढलें. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, नायक तोच, आणि मोटार चालविणाराही तोच. त्या चित्रांत 93 गाड्या मोडल्या. शेवटची उडी 128 फुटांची होती. तींत त्याच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. पुढें 1989 सालीं तो त्याच चित्राचा दुसरा भाग काढीत असतां, पाण्याची एक उंच टाकी पाडण्याच्या दृश्याची तयारी चालली होती. तार तुटली, तिच्या तडाख्यानें विजेच्या तारांसारखा एक उंच खांब मोडून त्याच्या अंगावर पडला आणि तो जागींच ठार झाला. त्या वेळीं तो कोणत्याही गाडींत नव्हता, वेगही नव्हता. ज्यानें आयुष्यभर मोजमाप केलें त्याचेंही एक माप चुकलें. मुलांना ‘असें करूं नका’ म्हणून दहा वेळां बजावण्यापेक्षां ही एक हकीकत सांगावी, असें आम्हांस वाटतें.

आणि श्रेयाचें काय? मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनच्या जुन्या स्टंटपटांत नाडियाबाई स्वतःच्या कसरती स्वतः करीत, आणि तिच्या सोबतीच्या घोड्याप्रमाणें मोटारीलाही नांव देऊन पात्रांत गणीत. ‘रोल्स-रॉइसकी बेटी’ हें त्यांपैकींच एक नांव. आज तें ऐकून हसूं येतें, पण त्यांत एक प्रकारचा न्याय होता. हॉलीवुडमध्यें हा न्याय फार उशिरां पोंचला. पहिलीं ऑस्कर पारितोषिकें 1929 सालीं वांटलीं गेलीं. वेषभूषेला, केशभूषेला, ध्वनीला पारितोषिकें निघालीं. जिवावर उदार होणाऱ्या या मंडळींसाठीं मात्र स्वतंत्र पारितोषिक नव्हतें. ‘स्मोकी अँड द बँडिट’ या 1977 सालच्या चित्राचा दिग्दर्शक हॅल नीडहॅम, जो स्वतः मूळचा कसरतपटू, त्याला 2012 सालीं एक सन्मानाचें ऑस्कर देण्यांत आलें. अखेर 2025 सालीं अकादमीनें जाहीर केलें कीं, 2027 मध्यें प्रदर्शित होणाऱ्या चित्रांपासून कसरतींच्या योजनेला वेगळें पारितोषिक देण्यांत येईल, आणि तें 2028 च्या समारंभांत प्रथम दिलें जाईल. एकिन्स, हिकमन, लॉफ्टिन यांपैकीं कोणीही तें पाहावयास उरला नाहीं.

मोटारींच्या वांट्यासही असाच पक्षपात आला. ‘बुलिट’साठीं दोन मस्टँग घेतल्या होत्या. एकींत बहुतेक नायकाचीं दृश्यें टिपलीं, दुसरीला उड्या मारावयास लावलें. पहिली एका कुटुंबाकडे जाऊन अनेक वर्षें पडून राहिली. 1977 सालीं खुद्द मॅक्वीननें पत्र लिहून ती मागितली, तरी मिळाली नाहीं. 2020 च्या जानेवारींत फ्लोरिडांतील लिलांवांत तिला 34 लक्ष डॉलरांची बोली आली. दुसरी, म्हणजे जिनें खरोखर हाडें मोडून घेतलीं ती, चित्रण संपल्यावर भंगारांत गेली, आणि 2017 च्या सुमारास मेक्सिकोंतील बाहा कॅलिफोर्नियांत सांपडली. तिच्या अंगावरचा मूळ हिरवा रंगही उरला नव्हता. कसरतीसाठीं पूर्वीं केलेल्या मजबुतीच्या खुणांवरून जाणकारांनीं तिला ओळखलें. आम्हांस विचाराल तर लिलांवांतल्या गाडीपेक्षां हिचा पत्रा हातानें चांचपून पाहण्याची आमची इच्छा अधिक आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें प्लास्टर निघालें त्या दिवशीं आम्ही त्याला वर्गांतून बाहेर बोलावून विचारलें, ‘‘मस्टँग कोण चालवीत होता रे?’’ त्यानें क्षणाचाही विलंब न लावतां मॅक्वीनचें नांव घेतलें. आम्ही रागावलों नाहीं. टोप्या मोजावयास सांगितलें, आणि वडिलांना शेजारीं बसवून मोज, असेंही सांगितलें. सोमवारीं प्रार्थनेपूर्वींच तो आमच्या खोलीच्या दाराशीं उभा. म्हणाला, ‘‘सर, मी पांच मोजल्या. बाबा म्हणतात सहा. शिवाय ती हिरवी बीटल बाबांना आधीं दिसली.’’