लोखंडाचा दिशेचा हट्ट

एका विद्यार्थ्यास मीं अन्यायानें गप्प बसविलें होतें, त्याची ही हकीगत. माझा विषय संस्कृत. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळें ठाण्याच्या शाळेंत सातवीचा तो तास मजकडे आला होता. पाठ चुंबकाचा. मुलानें विचारलें, "गुरुजी, तारेंतून वाहणारी वीज चुंबकसुई फिरविते, तर न वाहणारी, नुसती सांचलेली वीज लोखंडाच्या चुंबकत्वास कांहींच कां करीत नाहीं?" मीं म्हटलें, "पुस्तकांत आहे तेवढें लिही." मुलें हंसलीं, आणि तो खालीं बसला.

वाहत्या विजेचा प्रताप आपणां महाराष्ट्रीयांस नवा नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचें चुंबकमापन १९०४ सालीं अलिबागेस हलवावें लागलें. प्रश्न होता तो स्थिर विजेचा.

गेल्या महिन्यांत, जेवणें आटोपल्यावर, विज्ञान शिकणाऱ्या पुतणीनें मला त्याचें उत्तर सांगितलें. लोखंडाच्या पापुद्र्यांतील चुंबकत्वास सर्व दिशा सारख्या नसतात. एका दिशेस तें आपखुषीनें राहतें, दुसरीकडे वळविण्यास बळ खर्चावें लागतें. शास्त्रज्ञ ह्यास विषमदैशिकता म्हणतात. आमच्या घरीं 'दिशेचा हट्ट' हेंच नांव रूढ झालें आहे. हा हट्ट बाहेरच्या विद्युत्क्षेत्रानें सहसा बदलत नाहीं, कारण तें क्षेत्र धातूंत शिरतच नाहीं. डोंबिवलीच्या सकाळच्या गाडीस दारांत उभे असलेले लोक फलाटावरच्यास जसे आंत येऊं देत नाहींत, तसे धातूंतील मोकळे इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रास पृष्ठभागींच अडवितात. पण डबा दाराएवढाच अरुंद असला तर? मग दारांतली चेंगराचेंगर हीच सगळ्या डब्याची अवस्था होय. पापुद्रा दोन-चार अणूंइतकाच जाड ठेविला, म्हणजे पृष्ठभागीं इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलतांच सगळ्या पापुद्र्याचा हट्ट बदलतो.

२००७ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं लोह व प्लॅटिनम ह्यांच्या मिश्रधातूचा पापुद्रा विद्युत्‌वाहक द्रवांत ठेवून हा परिणाम दाखविला. २००९ सालीं जपानांत ओसाका विद्यापीठाच्या सुझुकी ह्यांच्या मंडळीनें तो घन पदार्थांतच साधला. कांहीं अणुथरांच्या लोखंडावर त्यांनीं मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर दिला. शाळेंत मॅग्नेशियमची फीत जाळल्यावर उरते ती पांढरी राख हीच! एका नॅनोमीटरला दशांश व्होल्टाहूनही कमी क्षेत्रानें हट्ट सुमारें ४० टक्के बदलला. त्या निबंधाच्या लेखकांत अश्विन तुळापूरकर हें नांव आहे, आणि ते आमच्या शेजारच्या पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक आहेत, हें ऐकून मला विशेष संतोष झाला.

उपयोग काय, असें गृहिणी विचारतील. चुंबकीय स्मृतिपट्टींत एकेक अक्षर नोंदण्यासाठीं आज प्रवाह सोडावा लागतो, आणि प्रवाह म्हटला कीं उष्णता व खर्च आलाच. नुसत्या दाबानें काम झालें तर तो पुष्कळ वांचेल. अडचण एवढीच कीं, दाबाचा क्षण अब्जांश सेकंदाच्या हिशेबांत थोडाही चुकला, तर उलटूं लागलेलें चुंबकत्व पुन्हां मूळ जागीं येऊन पडतें. ती चूक पुरेशी कमी करणें अजून चाललें आहे.

असो. तो विद्यार्थी हल्लीं कल्याणास असतो. त्याला सविस्तर पत्र लिहून ठेविलें आहे, माफीसह. फक्त मायना राहिला आहे: 'चिरंजीव' लिहावें कीं 'राजमान्य राजश्री', तें ठरत नाहीं, कारण आतां त्याचाच मुलगा सातवींत आहे.