खोताची वाडी : फक्त फोटोपुरती?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत कॅमेरा घेऊन सगळेच जातात. पण ही वाडी वसली कशी, हे किती जणांना ठाऊक आहे? अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू जमीनदाराने इथले प्लॉट ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले. हे लोक काही परके नव्हेत, त्यांची बोली मराठीच! त्यांनी पोर्तुगीज वळणाची लाकडी घरं बांधली. एके काळी अशी ६५ घरं होती. आज ३० सुद्धा उरलेली नाहीत.

दोष मालकांना देणं सोपं आहे. पण लाकडी जिने, कौलं, व्हरांडे सांभाळायचा खर्च त्यांच्याच माथी. 'हेरिटेज, हेरिटेज' म्हणणारे आपण एक पैसा देत नाही. मग बिल्डरची ऑफर आली की माणूस काय करणार?

मित्रांनो, आपल्या सिव्हिलच्या चार वर्षांत आरसीसी भरपूर, पण जुनं लाकूड दुरुस्त कसं करायचं हे जवळजवळ नाहीच. वाडी वाचवायची तर पालिकेने दुरुस्तीला पैसा द्यावा आणि आपण ते काम शिकावं. नुसतं हळहळून एकही वासा टिकणार नाही.