विश्लेषण : मोरव्यातील राहत्या घराचा झोन बदलतो, तेव्हा पर्यावरणाचा हिशेब कोण करतो?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे एकामागोमाग लागतात. खाडी, खारफुटी, मिठागरे आणि उरलीसुरली भातशेती यांच्यामध्ये वसलेल्या या गावांना गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींनी अस्वस्थ केले. एक म्हणजे मेट्रो कारशेडचा प्रस्ताव, आणि दुसरी म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला मीरा-भाईंदर महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा. दोन्ही वेळी जमिनीचा झोन, म्हणजे नकाशावरचा रंग, वादाच्या मध्यभागी होता. झोन ठरतो किंवा बदलतो, तेव्हा त्याचा पाणी, झाडे आणि शेजारच्या जुन्या घरांवर काय परिणाम होईल, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे, त्याविषयी.

घर आधीचे, मग अडचण कशाची?

गावठाणाची हद्द महसूल खात्याने कधीकाळी आखली. कुटुंबे वाढली तशी घरे त्या रेषेबाहेर, घरच्याच शेतजमिनीत सरकली. आगरी-कोळी गावांमध्ये ही वाढ आडवी होते. एका भावाचे घर गावठाणात, दुसऱ्याचे चार पावलांवर पण हद्दीबाहेर, असे चित्र वसई-उरणपर्यंत सर्वत्र दिसते. मीरा-भाईंदरची नगर परिषद १९८५ मध्ये झाली, पहिला विकास आराखडा १९९७ मध्ये मंजूर झाला, महापालिका २००२ मध्ये आली. गावे या सगळ्याच्या आधीची आहेत. नकाशा मात्र नंतर आला आणि त्यात हद्दीबाहेरची बरीचशी जमीन ‘हिरव्या’ रंगात गेली.

झोन हिरवा झाला म्हणून रीतसर बांधलेले घर बेकायदा ठरत नाही. अडचण पुढे येते. घर पडायला आले, भिंत काढून नव्याने बांधायची आहे, मुलासाठी वरचा मजला चढवायचा आहे किंवा बँकेकडून कर्ज हवे आहे, की झोनचा दाखला मागितला जातो. हरित क्षेत्रात शेतघराला परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर जमीन लागते. चार गुंठ्यांवर राहणाऱ्या कुटुंबाला या तरतुदीचा उपयोग शून्य. म्हणून ‘आमचे घर पिवळ्यात घ्या’, अर्थात निवासी विभागात घ्या, ही मागणी होते. आणि त्याच वेळी, सगळीच जमीन पिवळी झाली तर बिल्डर येतील ही भीतीही त्याच ओटीवर बोलली जाते. बाहेरच्याला यात विसंगती दिसते, पण गावकऱ्यांच्या दृष्टीने ही एकाच काळजीची दोन टोके आहेत.

झोन बदलतो कसा?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये त्याचे दोन मार्ग आहेत. नवा आराखडा करताना नियोजन प्राधिकरणाने आधी विद्यमान भूवापर नकाशा तयार करायचा असतो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, कलम २६ नुसार हरकती-सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देते. दुसरा मार्ग कलम ३७ चा, मंजूर आराखड्यात फेरबदल करण्याचा. त्याला एक मर्यादा आहे : फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. याच कलमातील पोटकलम (१कक) सरकारला तातडीच्या फेरबदलाची सूचना स्वतः काढण्याचा अधिकार देते. लोकांना हरकतीसाठी मिळतो एक महिना.

या संपूर्ण साखळीत पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाची सक्ती कुठेही नाही. हरकत घेणाऱ्याने तो मुद्दा मांडला तर तो ऐकला जाईल, इतकेच. म्हणजे भातशेतीचे निवासी क्षेत्र झाल्यावर पावसाचे पाणी कुठे जाईल, हा प्रश्न विचारण्याचे काम सरकारी यंत्रणेचे राहत नाही, ते हरकतदाराच्या अर्जावर येऊन पडते. अर्ज लिहिणारा बहुधा आपल्या घराच्या चिंतेत असतो.

मग पर्यावरणीय मंजुरी कशाला लागते?

केंद्राची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना प्रकल्पांना लागू आहे, आराखड्यांना नाही. बांधकामाच्या बाबतीत ती २० हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून सुरू होते. दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टरच्या पुढे नगरवसाहतींचे अधिक कडक निकष लागतात. त्यामुळे एक राहते घर या चाळणीतून कधीच जात नाही, आणि जाऊही नये. पण याच आकड्यामुळे आणखीही काही निसटते. पाच शेजारी भूखंडांवर पाच वेगवेगळ्या इमारती २० हजारांच्या खाली राहून उभ्या राहिल्या, तर एकाचीही तपासणी होत नाही. त्यांचा एकत्रित भराव, सांडपाणी आणि वाहने कोणत्याच कागदावर येत नाहीत. ही बेरीज करण्याची खरी वेळ झोन ठरवतानाची, म्हणजे आराखड्याची असते. ती गेली की पुढे प्रत्येक प्रकल्प आपापला तुकडा दाखवतो.

मेट्रो मार्ग तर या अधिसूचनेच्या अनुसूचीतच नाहीत. आरेतील कारशेडचा वाद आठवून पाहावा. तिथली जमीन आधी ना-विकास क्षेत्रात होती, मग कारशेडसाठी वापर बदलला गेला. पर्यावरणाचा प्रश्न प्रत्यक्ष ऐरणीवर आला तो शेवटच्या टप्प्यात, झाडे तोडण्याच्या परवानगीवेळी. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने जैसे थे आदेश दिला. तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती.

राई-मुर्धा-मोरव्यात काय घडले?

दहिसर पूर्व ते भाईंदर पश्चिम या मेट्रो ९ मार्गिकेची कारशेड आधी याच तीन गावांच्या हद्दीत प्रस्तावित होती. शेती आणि घरे जाणार, म्हणून ग्रामस्थांनी विरोध केला. पुढे ती डोंगरी येथे हलवण्याचा निर्णय झाला. तिथे सुमारे १२,४०० झाडे बाधित होणार असल्याचे समोर आले आणि विरोधाची जागा बदलली. आता डोंगरी-उत्तनचे रहिवासी हरकती नोंदवू लागले.

या घटनाक्रमात कोणाची बाजू बरोबर, यापेक्षा त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. दोन जागांची तुलना करणारा पर्यावरणीय अभ्यास आधी लोकांसमोर ठेवला असता, तर एका गावाची घरे आणि दुसऱ्या गावाची झाडे यांचा विचार एकाच टेबलावर झाला असता. इथे एका गावाचा विरोध संपला तिथे दुसऱ्याचा सुरू झाला. वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती झाडांची मोजणी आणि वयाची नोंद मागते, पण जागा चुकीची निवडली का, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

किनारा नियमनामुळे घराला संरक्षण मिळते की जाच?

दोन्ही. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीनदा बदलल्या. खारफुटी सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडते, आणि एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीच्या नाशावर राज्यभर बंदी घातली. सार्वजनिक हिताचा अपवादही न्यायालयाच्या परवानगीविना मिळत नाही. खाडीकाठच्या जमिनीला २०११ च्या नियमांत १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा पट्टा लागू होता, तो २०१९ मध्ये ५० मीटरवर आला.

राहत्या घरांसाठी दोन तरतुदी महत्त्वाच्या. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार, आदिवासी आणि इतर पारंपरिक किनारी समाजांची, १९९१ च्या नियमांत बसणारी पण औपचारिक परवानगी नसलेली घरे नियमित करण्याची वाट उघडली. अट अशी, की त्यांचा व्यापारी वापर होऊ नये आणि ती समाजाबाहेर विकली जाऊ नयेत. २०१९ च्या अधिसूचनेने ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या निवासासाठी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस आवश्यक ठेवली नाही. स्थानिक संस्थेनेच नियम तपासून परवानगी द्यायची.

कागदावर ही सवलत मोठी वाटते. पण ती वापरायला झोन अनुकूल हवा, जमिनीचा अभिलेख नावावर हवा आणि घर नकाशात दिसायला हवे. हद्दीबाहेरच्या घराचे घोडे पुन्हा पहिल्याच पायरीवर अडते.

राहत्या घराला आढावा हवाच कशाला?

घर तेच, माणसे तीच, मग झोन बदलल्याने पर्यावरणात काय फरक पडतो, असे कोणी विचारेल. घरापुरते पाहिले तर फारसा पडत नाही. पण झोन बदल घराला लागू होत नाही, तो जमिनीला लागू होतो. एकमजली घराखालच्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल, ते त्या रंगावरून ठरते. म्हणून तपासायचे ते आज उभे असलेले घर नव्हे. बदलानंतर तिथे काय उभे राहू शकेल, ते तपासायचे.

मोरव्यासारख्या सखल गावात याचा अर्थ अगदी साधा आहे. भातशेती म्हणजे पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी जागा. तिच्यावर भराव पडला, शेजारचा रस्ता उंच झाला, की जुन्या घराचे जोते आपोआप खाली जाते. घर हललेले नसते, भोवतालची पातळी बदललेली असते. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की खाडी पाणी घेत नाही, आणि ते सर्वात सखल ओटीवर येते. २६ जुलै २००५ नंतर मुंबई परिसराला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. नव्या इमारतीला पर्यावरण मंजुरी मिळते तेव्हा तिच्या स्वतःच्या आवारातील पाण्याचा निचरा तपासला जातो. शेजारच्या चाळीस वर्षे जुन्या घराच्या जोत्याची उंची त्यात क्वचितच येते.

परदेशात यावर काही उत्तरे शोधली गेली आहेत. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्यात झोन बदल हाही ‘प्रकल्प’ मानला जातो. उभ्या असलेल्या वास्तूची दुरुस्ती किंवा किरकोळ वाढ असेल तर सूट मिळते. युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशानुसार आराखड्यांचेच मूल्यांकन बंधनकारक केले. छोट्या क्षेत्रासाठी आधी चाचपणी होते आणि परिणाम नगण्य असतील तर प्रक्रिया तिथेच थांबते. मात्र याची दुसरी बाजू आहे. कॅलिफोर्नियात हाच कायदा शेजाऱ्यांनी नवी घरे अडवण्यासाठी वापरला, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती, आणि २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाला शहरांतर्गत गृहप्रकल्पांना मोठी सूट द्यावी लागली. मोरव्यातील एखाद्या कुटुंबाला वरच्या मजल्यासाठी जाडजूड अहवाल मागणे म्हणजे त्याला घरच नाकारणे होईल. आढावा हवा तो आराखड्याचा, आणि त्याचा खर्च नियोजन प्राधिकरणाने करायचा.

न्यायालयाने यावर काही म्हटले आहे का?

होय, आणि तेही राहत्या घरांच्याच प्रकरणात. चंडीगडच्या जुन्या सेक्टरांमध्ये एकेका कुटुंबासाठी बांधलेली घरे मजल्यांत वाटून सदनिकांसारखी विकली जात होती. न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने १० जानेवारी २०२३ रोजी पहिल्या टप्प्यातील सेक्टरांमध्ये ते थांबवले. निकालाच्या शेवटी खंडपीठाने केंद्र आणि राज्यांच्या विधिमंडळांना, प्रशासनाला आणि धोरणकर्त्यांना आवाहन केले की, नागरी विकासाला परवानगी देण्याआधी पर्यावरणीय आघात मूल्यांकन करण्याची तरतूद करावी. आवाहन म्हणजे आदेश नव्हे. राज्याच्या नगररचना कायद्यात ती सक्ती आणायची तर विधिमंडळालाच दुरुस्ती करावी लागेल, आणि त्यासाठी केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

ग्रामस्थांच्या हाती काय आहे?

पहिले काम कागदांचे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जुनी घरपट्टीची पावती, वीज जोडणीची तारीख, गावठाणाचा मूळ नकाशा आणि महापालिकेचा झोन दाखला एकत्र ठेवले, तर घर आराखड्याच्या आधीचे आहे हे दाखवता येते. विद्यमान भूवापर नकाशात आपले घर दाखवले आहे का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. नकाशात घराच्या जागी शेत दाखवले असेल, तर पुढची प्रत्येक हरकत दुबळी ठरते. किनारा व्यवस्थापन नकाशांचेही तसेच. भरतीरेषा आणि खारफुटीचा पट्टा घरापासून किती अंतरावर दाखवला आहे, हे गाव पातळीवरील १:४,००० प्रमाणाच्या नकाशावर तपासता येते.

दुसरे काम एकत्र करायचे. एकेका घरासाठी झोन बदल मागितला की प्रत्येक अर्ज अपवाद ठरतो आणि त्याच्या आडून मोठे भूखंडही पुढे सरकतात. गावठाण विस्ताराची मागणी विद्यमान घरांच्या समूहापुरती, मोजलेल्या हद्दीसह आणि उंची व चटई क्षेत्राच्या मर्यादेसह केली, तर घरे पिवळ्यात येतात आणि पलीकडची भातखाचरे हिरव्यात राहू शकतात. अशी मर्यादा गावाने स्वतःहून मागणे सोपे नाही, कारण तीच जमीन उद्याच्या पिढीची ठेवही असते. महापालिकेने जोत्याची पातळी, नाल्यांचे उतार आणि भरावाची उंची यांचे सर्वेक्षण करून ते आराखड्याला जोडले, तर ही चर्चा निदान माहितीच्या आधारावर होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. सर्वेक्षणाचा ठराव महासभेला करता येतो.