एका सामन्यात बाद

नववीत असताना मी शाळेच्या हॉकी संघात गोलकीपर होतो. तालुक्यापुढची स्पर्धा बेळगावला. निपाणीहून पहाटेच्या एसटीनं निघालो, सुमारे ७५ किलोमीटर. पॅड शाळेचे, हेल्मेट दुसऱ्या संघाकडून मागून घेतलेलं. सामना अर्ध्या तासाचा. मी एक गोल खाल्ला, आम्ही ०-१ नं बाद झालो. सकाळी अकराला आमचं वर्ष संपलं. संध्याकाळी आई म्हणाली, "एवढ्यासाठी पहाटं उठून गेलतास व्हय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी शाळेत अकरा पोरं जमली नाहीत.

हे आठवायचं कारण म्हणजे कॅनडातली बर्फावरची ज्युनियर हॉकी. तिथल्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये साधारण १६ ते २० वर्षांची पोरं खेळतात. आधी साठहून जास्त साखळी सामने, मग प्लेऑफ. पण प्लेऑफसुद्धा एका सामन्याचा नाही. सातांची मालिका, जो आधी चार जिंकेल तो पुढं. पहिला सामना हरलेला गोलकीपर दोन-तीन दिवसांत त्याच संघासमोर पुन्हा उभा राहतो. तिथं पैसा आहे, रिंक आहे, तिकीट काढून येणारे प्रेक्षक आहेत. आपण त्यांची बरोबरी करू शकत नाही. पण हरलेल्या पोराला परत मैदानात उतरवायचं, एवढं तरी घेता येईल की नाही?

काहीजण म्हणतात, बाद पद्धतीनं पोरं घट्ट होतात. मला पटत नाही. शंकर लक्ष्मण यांचंच बघा. ते मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या बेळगावातच. १९६० साली रोम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून ०-१ नं हरला, तेव्हा गोलमध्ये तेच होते. १९६४ साली टोकियोत पुन्हा पाकिस्तान, पुन्हा तेच गोलमध्ये, आणि भारत १-० नं जिंकला. त्या सुवर्णपदक विजेत्या संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. रोमनंतर लक्ष्मण यांना घरी बसवलं असतं तर?

आता अडचणीचं बोलू. मैदान एक दिवस मिळतं, पंच कमी, जेवणाचा खर्च वेगळा. मान्य. म्हणून मी साखळी मागत नाही. हिशेब साधा आहे. आठ संघांच्या बाद स्पर्धेत सात सामने होतात आणि चार संघ एकच सामना खेळून परततात. पहिल्या फेरीत हरलेल्या त्या चौघांचे आपसात दोन सामने लावा. सातांचे नऊ होतील, तासभर वेळ वाढेल, आणि प्रत्येक संघ किमान दोनदा खेळेल. बक्षीस नसलं तरी चालेल.

आपल्यापैकी बरेचजण उद्या शाळांतून शिक्षक होतील. काहीजण आत्ताच सुट्टीत पोरांना खेळवतात. वेळापत्रक काढायची वही तुमच्या हातात आली की हे दोन सामने त्यात लिहा. मग निपाणीचं पोर घरी गेल्यावर आईला दोन सामन्यांची गोष्ट सांगेल, आणि त्यातला एखादा जिंकलेलाही असेल.